वाढदिवसाच्या दिवशी आईची साखर ४८

माझ्या आईची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, तीच पुढे कागदोपत्री राहिली. तिच्या पिढीतल्या अनेकांची हीच तारीख असते. दवाखान्यातल्या केसपेपरवरही मला ती सारखी दिसते. त्या हिशेबाने आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा सगळ्यांनी यवतमाळच्या घरी जमायचं ठरवलं.

सकाळपासून घर भरलेलं होतं. नागपूरहून भाऊ-वहिनी आदल्या रात्रीच आले होते. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, एकीकडे आमरस, दुसरीकडे गोळाभाताची तयारी. जूनचा पहिला दिवस, पावसाचा पत्ता नाही, कुलरही गरमच वारा फेकत होता. धाकटी बहीण पुसदहून नऊपर्यंत पोहोचणार होती. ती आली की औक्षण, मग सगळ्यांचा नाश्ता, असं ठरलं होतं. दिग्रसजवळ तिची गाडी पंक्चर झाली आणि औक्षण लांबत गेलं.

आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. तिने साडेसातला नेहमीप्रमाणे साखरेची गोळी घेतली. एरवी त्यानंतर अर्ध्या तासात ती पोळी-भाजी खाते. त्या दिवशी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला. कोणी विचारलं की म्हणायची, "मले भूक नाही." घरात दहा माणसं होती, त्यात एक डॉक्टर. प्रत्येकाला वाटलं, आईला कोणीतरी खायला दिलंच असेल.

पावणेअकराच्या सुमारास माझी मुलगी हसत आली. "बाबा, आजी मला आत्याच्या नावानं हाक मारतेय." सगळे हसले. म्हातारपणी नावं चुकतातच, मीही हसलो. थोड्या वेळाने फोटोसाठी आईशेजारी बसलो आणि तिचा हात हातात घेतला. हात गार होता, कपाळावर घाम होता, आणि ती तर कुलरसमोरच बसलेली. मी विचारलं, "आई, आज काय आहे?" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

ग्लुकोमीटर आणून बोटाला सुई टोचली. साखर ४८.

ती बसलेली होती आणि तिला गिळता येत होतं, हे आमचं नशीब. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. वहिनी पेढा घेऊन धावली, तिला मी थांबवलं. पेढा, केक, चॉकलेट यांत तूप-लोणी असतं, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अशा वेळी साधी साखर, ग्लुकोज किंवा गूळपाणी बरं. पंधरा मिनिटांनी साखर ६२ आली. पुन्हा तेवढंच पाणी दिलं. नंतर ९४ आली आणि आईने विचारलं, "एवढे सारे माह्याभोवती काहून जमले?"

लगेच तिला वरण-भात भरवला. रात्रीपर्यंत मी दर दोन तासांनी साखर तपासली, कारण ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो. एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते.

आता वाचकांसाठी.

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची, आणि ५४ च्या खाली गेली की धोक्याची. तरुण माणसाला छातीत धडधड, हात थरथरणे, कडकडून भूक ही लक्षणं जाणवतात. वयस्कर माणसात ती पुसट होतात आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड, थरथर कळतच नाही. तिथे असंबद्ध बोलणं, गप्प बसणं, झोपाळलेपणा, तोल जाणं एवढंच दिसतं. आपण त्याला वय, ऊन किंवा थकवा म्हणतो. मधुमेही माणूस अचानक वेगळा वागला तर आधी साखर तपासा. यंत्र नसेल तर साखरपाणी देऊन टाका. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. आईचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट ६.२ आला होता आणि मला त्याचा अभिमान होता. तिचं जेवण दोन वर्षांत अर्ध्यावर आलं होतं, गोळी मात्र तीच राहिली होती. वयानुसार मूत्रपिंडाचं काम मंदावलं की या गोळ्यांचा असर अंगात जास्त रेंगाळतो. ऐंशीच्या घरात, इतर आजार असतील तर ७.५ ते ८ पर्यंतचा रिपोर्टही चालतो. या वयात थोडी जास्त साखर एका दिवसात घात करत नाही, कमी झालेली करू शकते. आठवडाभरात क्रिएटिनिन तपासून मी तिची गोळी बदलली. तुमच्या घरी अशी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, "आईचं खाणं कमी झालंय, डोस तोच ठेवायचा का?"

बहीण बाराला पोहोचली. औक्षण झालं. संध्याकाळी मी आईला विचारलं, सकाळी काही खाल्लं का नाहीस? ती म्हणाली, "पोरगी येऊ दे म्हटलं, मंग सगळ्याईसंगं खाईन."

आयुष्यभर सर्वांचं झाल्यावर जेवलेली बाई ती. भूक लागली हे ती सांगणार नव्हतीच, ते आम्ही बघायला हवं होतं. आता आमच्या घरी कार्य असलं की एक माणूस नेमलेला असतो. त्याचं काम एकच: गोळी आधी की ताट, हे बघायचं. औक्षण थांबू शकतं, आईचा नाश्ता थांबत नाही.