सतरंजीची बाजू

गालिचा पाहुण्यांसाठी आणि सतरंजी घरच्यांसाठी, असा आपल्याकडचा एक अलिखित नियम आहे. गालिच्यावर पाऊल ठेवताना माणूस आवाजसुद्धा थोडा खाली आणतो. सतरंजीवर मात्र खुशाल शेंगा सोलाव्यात, पत्ते कुटावेत आणि दुपारी तिथेच आडवे व्हावे. हा मानपान मीही पाळला असता. पण आमच्या घरात दमा आहे, आणि दम्याला मानपान कळत नाही.

दमा हिचा. गालिचाही हिचाच. धाकटा भाऊ मिर्झापूरकडे नोकरीला असताना त्याने भाऊबीजेची ओवाळणी म्हणून तो भदोहीहून आणला होता. पावसाळ्यात मुंबईची हवा ओलावली, की रात्री दोनच्या सुमारास ही उठून खिडकीशी बसे. छातीतली ती शिटी ऐकत शेजारी नुसते जागे राहण्याइतके निरुपयोगी काम दुसरे नसेल.

डॉक्टरांनी कातडीवर टोचून चाचण्या केल्या आणि घरातल्या धुळीवर बोट ठेवले. धूळ म्हणजे माती, अशी आपली समजूत. पण 1964 मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे फोरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी या धुळीतला खरा अपराधी म्हणून आठ पायांच्या एका किड्याकडे लक्ष वेधले. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हा जीव आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. पाणी तो पीत नाही. हवेतला ओलावा शोषून घेतो. बिचारा चावतही नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा.

आता गालिच्याकडे पाहा. गाठी मारून उभी केलेली लोकर, तिच्या मुळाशी अंधार, ऊब आणि ओलावा. या किड्याने सांगून बांधून घेतलेले घरच! व्हॅक्युम क्लीनर वरची धूळ ओढतो; लोकरीला घट्ट धरून बसलेले किडे बहुतेक जागच्या जागी राहतात. सतरंजी म्हणजे उभे-आडवे सूत, लपायला जागा थोडी. शिवाय ती धुता येते, आणि माझ्या मते सारा निकाल इथेच लागतो. जे अंथरूण घरात धुता येत नाही, ते दमेकऱ्याच्या घरात नको.

म्हणून सोलापुरी सतरंजी घेतानाही मी लहान घेतली. ओली झाल्यावर एकट्याला उचलवेल एवढीच. दुकानात ओला पांढरा रुमाल तिच्या काठावर घासून पाहिला, तेव्हा दुकानदाराने मला विक्षिप्तांत काढले असावे. पण किडे मरायला साठ अंशांचे पाणी लागते आणि कच्चा रंग तेवढा तापत नाही तोच पळ काढतो. कडक उन्हातही किडे मरतात, पण त्यांची घाण मागे उरते. तेव्हा धुण्याला पर्याय नाही. झटकायची ती गच्चीवर, आणि दमेकऱ्याने नव्हे. हे काम माझे. (खालच्या मजल्यावरच्या काकूंचे याबाबतचे मत निराळे आहे.) लादी पुसल्यावर ती पुरती वाळेपर्यंत सतरंजी अंथरायची नाही, एवढे पथ्य मात्र हीच सांभाळते.

केवळ सतरंजीने दमा जातो असे नव्हे. औषधाचा फवारा चालूच आहे. डॉक्टरांनी तर आधी गादी-उशांनाच घट्ट विणीच्या खोळी घालायला लावल्या. रात्रभर नाक तिथेच असते ना!

गालिचा हलायला मात्र भाऊबीज उजाडावी लागली. “तो येईल त्या दिवशी तरी अंथरू,” असे हिचे म्हणणे. सकाळी हिने तो उलगडला, आणि ओवाळताना तबक हातात थरथरू लागले. मेव्हण्याने पाटावरूनच ते धरले. काही बोलला नाही. हिला फवारा देऊन मी बाहेर आलो, तो त्याने गालिचा गुंडाळून सुतळीने बांधलासुद्धा होता.

“ताई, नागपूरच्या कोरड्या हवेत राहील हा माझ्याकडे,” तो म्हणाला. “तू आलीस की तुझ्यासाठी अंथरीन.”

“अरे, मग मी यायचं कसं?” ही म्हणाली.