म्हैस, बिल्ला आणि अंगठा



पिरनवाडीच्या गोड आठवणी इथं सगळेच लिहितात. माझी आजची आठवण जरा माझ्याच विरोधात जाणारी आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीनं बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजातनं वकिली पूर्ण केली. म्हणाली, "मी कर्जात अडकलेल्या बायकांच्या केसी घेणार." मी म्हटलं, "अगं, ज्यांच्याकडं हप्त्याला पैसे नाहीत, त्या तुला फी कुठनं देणार?" ती हसली. १९८७ च्या कायद्यानं बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे मला तिनं सांगितलं. जन्मभर कर्जं वाटून मला ठाऊक नव्हतं!

२०२५ च्या सुरुवातीला मायक्रोफायनान्सच्या वसुलीवरनं कर्नाटकात गदारोळ झाला, फेब्रुवारीत सरकारनं वटहुकूम काढला. तेव्हा आमच्या कट्ट्यावर बायका कागद घेऊन यायच्या. व्याजाचा हिशेब माझ्याकडं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं अशा घरावरचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही. एकीच्या दारात तर रात्री आठला माणसं बसलेली.

एकदा पुतणीनं एक कागद पुढं केला. "काका, मुदत संपत आलेल्या कर्जावर ही सही घेतली की पुन्हा तीन वर्षं मिळतात ना?"

मिळतात. मीच किती घेतल्या आहेत! ऐंशीच्या दशकात मी फील्ड ऑफिसर. एका गरीब माणसाला म्हशीसाठी कर्ज दिलेलं. म्हैस मेली. कानातला बिल्ला हरवलेला, म्हणून विमा मिळाला नाही. दाव्याची तीन वर्षांची मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा मी सायकलनं त्याच्या घरी गेलो. "साहेब, म्हैसच नाही, आता कसला कागद?" "काही नाही हो, नुसता अंगठा लावा." त्याच्या बायकोनं मला चहा दिला. पुढं परसातली आंब्याची झाडं विकून त्यानं पैसे भरले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

हे सगळं मी पुतणीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कागद वाचून दाखवला होतात?"

नव्हता दाखवला. कर्ज खरं होतं, कागद कायदेशीर होता. पण वाचून दाखवला असता तर त्यानं अंगठा लावला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो आता नाही. आता रविवारी मी कट्ट्यावर बसतो आणि येईल त्याचा कागद मोठ्यानं वाचतो. परवा एक मावशी म्हणाल्या, "एवढं सगळं लिवलंय व्हय ह्यात?"

तर मंडळी, न वाचता सही करू नका. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं जा. आणि आमच्याकडं आलात तर चहा आहेच.