केसभर अंतर

ज्याला लांबचं दिसत नाही, त्याचं जग वीतभरही नसतं. चष्म्याचा नंबर माझ्यासारखा मायनस सहा असेल, तर डोळ्यांपासून जेमतेम १७ सेंटिमीटरपर्यंत अक्षर नीट लागतं. त्यापलीकडे रंग असतात, उजेड असतो, हालचाल असते, कडा नसतात. लहानपणी वाईला कृष्णेच्या घाटावर पोहायला गेलं, की मी चष्मा आईकडे द्यायची आणि पाण्यात उतरायची. ढोल्या गणपतीच्या देवळाचं शिखर आभाळात विरून जायचं. पायऱ्या एकमेकींत मिसळायच्या. काठावरच्या बायकांतून आई ओळखायची ती साडीच्या रंगावरून, आणि रंग जुळले तर चालीवरून. त्या धूसर जगानं मला पुष्कळ दिलं. माझे कान तयार केले, माणसांची पावलं वाचायला शिकवलं. पण नदीत लांब जायची मात्र भीती वाटायची. परतायचा काठच दिसत नसे.

पुढे नंबर घालवायला डोळ्यांचं लेझर करायचं ठरलं, तेव्हा या धूसरपणाचं माप कळलं. माझा डोळा मागच्या बाजूला साधारण दोन मिलिमीटर जास्त वाढलेला. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचायच्या आतच जुळायची आणि पडद्यावर पसरट होऊन पडायची. वाढलेला डोळा कमी करता येत नाही. म्हणून लेझर काम करतो ते पुढच्या कॉर्नियावर. घड्याळावरच्या काचेसारखा हा पारदर्शक पापुद्रा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. प्राणवायू तो घेतो थेट हवेतून, आसवांच्या ओल्या थरातून. उघड्या हवेवर आणि आसवांवर जगणारा असा दुसरा अवयव मला माहीत नाही.

कॉर्नियाला न भाजता आकार देणारा उजेड सापडला, त्यामागे मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत ते काम करत. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेझर सोडला. स्वच्छ खाच पडली, पण आजूबाजूचं मांस करपलं नाही. हे किरण भाजत नाहीत, रेणूंमधले बंध तोडतात. एका झोतात साधारण पाव मायक्रॉनचा थर जातो. सहकाऱ्यांसह त्यांनी हे जगापुढे मांडलं, आणि काही वर्षांत डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते हाती घेतलं. सणाच्या ताटात उरलेल्या घासाकडेही जिज्ञासेनं पाहणाऱ्या त्या माणसाचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रत्यक्ष टेबलावरचा वेळ थोडाच. थेंब घालून डोळे बधिर केले, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावला. कॉर्नियाचा पातळ पदर कापताना डोळ्यावर दाब आला आणि क्षणभर सगळं काळोखलं. मग लेझरची टिकटिक. लुकलुकणाऱ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, एवढंच माझं काम. पदर परत जागेवर बसवला, टाका एकही नाही. मायनस सहासाठी लेझर काढतो तो थर साधारण ७० ते ९० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केसही जवळपास तेवढाच जाड. म्हणजे माझ्यात आणि नदीच्या काठात इतकी वर्षं केसभर अंतर होतं.

नंतरचे महिने सोपे नव्हते. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, आणि त्याच नसा डोळ्याला आसवं आणायला सांगत असतात. त्या पुन्हा वाढेपर्यंत डोळे कोरडे पडत, खुपत. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत. थेंबांच्या बाटल्या उशाशी असत. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हाच वाईला जाऊन पाण्यात उतरले. मधल्या प्रवाहात थांबून मागे वळले, तर घाटाची पायरी न् पायरी सुटी उभी होती. पायऱ्यांच्या खाचांत उगवलेलं गवत दिसत होतं. आई कुठे बसली आहे, ते तिनं हात हलवण्याआधीच मला दिसलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा नदी पार केली.

हे सुख खरं आहे, म्हणूनच त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लेझरनं नंबर जातो, डोळा तोच राहतो. मागचा ताणलेला पडदा तितकाच नाजूक असतो, आणि चाळिशी आली की जवळच्या वाचनाचा चष्माही येतो. म्हणून लेझर करायचं मनात असेल, तर अठरा वर्षं पूर्ण होऊन नंबर निदान वर्षभर स्थिर राहू द्या, आणि कॉर्नियाची जाडी व आकार आधी नीट मोजून घ्या. कॉर्निया पातळ किंवा शंकूसारखा पुढे आलेला असल्यामुळे डॉक्टर नको म्हणाले, तर त्यांचं ऐका. चष्मा लावूनही नदीचा काठ दिसतो. आणि मोठा नंबर गेलेल्यांनो, डोळ्याच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करून घ्या. मिळालेली नजर आयुष्यभर जपायची आहे.