पोट भरते, अंगी लागत नाही

डार्विन म्हटले की आपल्या लोकांना उकाडा आणि मगरी आठवतात. येथे बिऱ्हाड केल्यावर कळते की या मुलखाचा मोठा व्यवसाय गुरांचा आहे. डार्विन बंदरातून जिवंत गुरे बोटीने इंडोनेशियाला जातात.

ही गुरे पाहून कोकणच्या माणसाला ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी. 'ब्राह्मन' ही जात अमेरिकेत तयार झाली, ती गीर, ओंगोल, कांकरेज आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांपासून. 1933 साली ती क्वीन्सलँडला आणली गेली. म्हणजे तीही आपल्यासारखीच देशांतर करून आलेली!

येथे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. गवत पुरुषभर वाढते. पुढे सहा महिने जवळजवळ कोरडे. एकदा ऐन कोरड्या दिवसांत मी गुरांच्या एका रानावर गेलो होतो. अशा विस्तीर्ण रानाला येथे स्टेशन म्हणतात. गुडघाभर गवतात उभ्या गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी कारण विचारले. तेथला कारभारी म्हणाला, "पोट भरते, पण अंगी लागत नाही."

वाळलेल्या गवतात प्रथिने शेकडा तीन-चारच उरतात. गुराला निदान सहा-सात लागतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्म जंतू चारा पचवतात. त्यांनाच नत्र मिळाले नाही, तर चारा पोटात तसाच पडून राहतो आणि भूकही मंदावते. म्हणून मीठ, गंधक व थोडा युरिया यांचे चाटण ठेवतात. पण चाटणाच्या डोणीत पावसाचे पाणी साचून युरिया विरघळला आणि ते पाणी गुरे प्याली, तर काही तासांत दगावतात. पावसाळ्यात चाटण बदलून स्फुरदाचे देतात, कारण येथल्या जमिनीत स्फुरद कमी आहे. ते न मिळाल्यास गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात आणि त्यातून विषबाधेने मरतात.

हे ऐकताना मला आपले शनवार तेली आठवले. भाताचा पेंढाही असाच, पोट भरणारा पण निःसत्त्व. त्याच्या जोडीला घाण्यातून निघालेली पेंड मिळे, म्हणून बैल घाणा ओढू शके. युरियाचे नाव कुणाला ठाऊक नव्हते, पण नुसत्या पेंढ्यावर बैल टिकत नाही हे ठाऊक होते. शब्बाथला घाणा बंद राही आणि बैलालाही विसावा मिळे. त्याची गव्हाण मात्र त्या दिवशीही भरावीच लागे.

शेमाच्या दुसऱ्या भागात आधी गुरांसाठी गवताचे वचन आहे, माणसाच्या तृप्तीचे त्यानंतर. त्यावरूनच आपल्या विद्वानांनी ठरवले की जनावराला चारा घातल्याखेरीज धन्याने जेवू नये. परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांनी घाणा पाहिलेला नाही. शेमा मात्र ती म्हणतात. त्यांना हा अर्थ अवश्य सांगावा. गवत देणे देवाचे, पण ते अंगी लागेल असे पाहणे धन्याचे काम आहे.