उत्तर आणि उपपत्ती

कोडे सोडविणे आणि कोडे उलगडून सांगणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे मला साहित्यशास्त्राने नव्हे, तर माझ्या वडिलांनी शिकविले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९७०च्या दशकात आमच्या गावी मुंबईचे इंग्रजी वृत्तपत्र संध्याकाळच्या गाडीने येई. कचेरीतून परतल्यावर चहा झाला की अण्णा त्यातील कूट शब्दकोडे पुढे घेत आणि मला जवळ बसवीत. चौकटीत बसणारा शब्द मी अंदाजाने सांगितला, तर ते पेन्सिल उचलत नसत. “उत्तर कळले, उपपत्ती सांग,” एवढेच म्हणत. सूत्रातील प्रत्येक शब्दाचा हिशेब लागल्याखेरीज त्यांच्या लेखी ते उत्तरच नव्हते.

हा खेळ आपल्याकडे इंग्रजीबरोबर आला. आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले, तेव्हा त्यात सरळ अर्थ देऊन शब्द विचारलेले होते. त्याला कूटाचे वळण लावले ते ब्रिटनमधील रचनाकारांनी. त्यांतील एक अग्रणी एडवर्ड पॉइस मॅदर्स. १९२६ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्कमाडा या टोपणनावाने कोडी रचली. टॉर्कमाडा हे स्पेनमधील एका कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे नाव. वाचकाचा छळ करण्याचा हेतू त्यात उघडच होता. परंतु याच मॅदर्सनी काश्मिरी कवी बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे स्वैर इंग्रजी रूपांतर १९१९ मध्ये प्रसिद्ध केले होते, हे कळले तेव्हा मला आश्चर्यापेक्षा समाधान अधिक वाटले. श्लेषाचा व्यसनी आणि शृंगाराचा रसिक एकाच देहात नांदू शकतात तर! त्यांच्यानंतर त्याच पत्रात आलेल्या डी. एस. मॅकनट यांनी झिमेनिस या नावाने १९६६ मध्ये या कलेवर ग्रंथ लिहिला आणि तिला जणू व्याकरण दिले. सूत्रात उत्तराचा नेमका अर्थ असावा, शब्दाच्या घडणीची प्रामाणिक खूण असावी, आणि याखेरीज काहीही नसावे, हे त्या व्याकरणाचे सार.

मराठीत एखादे उदाहरण रचून पाहू. ‘दीन उलटला की वाहते (२)’. कंसातील आकडा अक्षरांचा. वाचणाऱ्याच्या मनात दुबळ्या माणसाच्या बंडाचे चित्र उभे राहते. पण सूत्राला त्याच्याशी कर्तव्य नाही. ‘दीन’ हा शब्द उलटा करावयाचा. उरलेला ‘वाहते’ हा शब्द अर्थ सांगतो. उत्तर ‘नदी’. किंवा ‘विकता विस्कटून, वाचायची ती (३)’. ‘विकता’मधील तीन अक्षरे विस्कटली की ‘कविता’ हाती येते. इंग्रजीत सुटे वर्ण हवे तसे उधळता येतात. मराठी अक्षर आपली मात्रा, वेलांटी अंगावर घेऊनच जागा बदलते. म्हणून आपल्याकडे अशी उलथापालथ अवघड, परंतु शब्द मध्येच तोडून दोन अर्थ काढण्याची सोय मोठी. संस्कृत आलंकारिक ज्याला सभंग श्लेष म्हणतात, तोच हा मार्ग.

आपल्या परंपरेने या मार्गाचा विचार फार पूर्वी केला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. भामहाने मात्र नापसंती दर्शविली. शास्त्राप्रमाणे काव्यही व्याख्येवाचून कळेनासे झाले, तर तो केवळ बुद्धिमंतांचा उत्सव ठरेल आणि मंदमतींचा सर्वनाश होईल, अशा अर्थाचे त्याचे वचन आहे. गंमत अशी की भट्टीने जवळजवळ त्याच शब्दांत आपल्या काव्याचे हेच भूषण म्हणून मिरविले. पुढे विश्वनाथाने, प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकार मानण्यासच नकार दिला. अनेक वर्षे मी वर्गात हा वाद शिकविला आणि मनाने भट्टीच्या बाजूचा राहिलो. कविता दुर्बोध असेल तर ती उकलावी, आणि उकल जितकी चोख तितकी समीक्षा श्रेष्ठ, अशी माझी धारणा होती. ती अण्णांच्या चहाच्या वेळेतून आली होती, हे तेव्हा लक्षात आले नाही.

२००४ साली पदव्युत्तर वर्गात एका आधुनिक कवितेचे मी दोन तास विवरण केले. प्रत्येक प्रतिमेचा संदर्भ दिला, प्रत्येक श्लेष फोडला, एकही शब्द बेहिशेबी ठेवला नाही. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि संकोचाने म्हणाली, “सर, कविता कळली. पण आता ती पुन्हा वाचावीशी वाटत नाही.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य जिव्हारी लागले. सुटलेल्या कोड्याचे आपण काय करतो? वृत्तपत्र रद्दीत टाकतो. उत्तर मिळाले की सूत्राचे काम संपते. त्याने उभे केलेले चित्र हे केवळ पांघरूण होते, ते बाजूला सारावयाचे असते. मी त्या कवितेचेही नेमके तेच केले होते.

त्यानंतर काही दिवसांनी एक शब्द पाहण्यासाठी अण्णांचा मोल्सवर्थचा कोश उघडला. अण्णा १९९९ मध्ये गेले होते. कोशात घडी घातलेली एक चिठ्ठी निघाली. अक्षर माझे होते. आई १९८५ साली गेली, तेव्हा अण्णांनी कोडी सोडविणे थांबविले होते. त्यांचे मन पुन्हा त्यात रमावे म्हणून मी एक मराठी सूत्र रचून दिले होते: ‘“का बरे?” विचारताच पाणी, राहते डोळ्यांत (३)’. त्यांनी क्षणभर पाहिले आणि पेन्सिलीने उत्तर लिहिले, ‘काजळ’. उपपत्तीही सांगितली. ‘का’ हा प्रश्न, त्याला लागून पाणी म्हणजे जळ, आणि डोळ्यांत राहते ते काजळ. मग ‘बरे’ या शब्दावर काट मारून म्हणाले, “याचा हिशेब लागत नाही.” त्यांनी चूक काढली याचाच मला आनंद झाला होता. अण्णा पुन्हा अण्णांसारखे बोलले होते.

सुटलेले कोडे अण्णा कधी जपून ठेवीत नसत. ही चिठ्ठी मात्र त्यांनी चौदा वर्षे ठेवली होती. ती हातात धरून मी प्रथमच ते वाक्य वाक्य म्हणून वाचले. कोणी विचारावे आणि डोळ्यांत पाणी यावे, पण ते बाहेर पडू नये. मी ते रचताना फक्त अक्षरे जुळविली होती. आईच्या जाण्यानंतरच्या त्या घरात त्या वाक्याचा दुसरा अर्थ असू शकतो, हे मला, साहित्याच्या डॉक्टरला, सुचलेही नव्हते. काजळ हे उत्तर बरोबरच होते. अण्णांनी ठेवले होते ते उत्तर नसावे.

उपपत्तीचा आग्रह मी सोडलेला नाही. शब्दांचा हिशेब न देता केवळ भारावून बोलणारी समीक्षा मला आजही बेजबाबदार वाटते, आणि तो हिशेब शिकविण्यास कूट शब्दकोड्याइतका कठोर गुरू नाही. पण कोड्यात उपपत्तीने वाचन संपते. कवितेत ती झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपाशी यावे लागते. तेव्हापासून वर्गात मी विवरण पुरे झाले की कविता शेवटी एकदा वाचत असे आणि त्यावर काही बोलत नसे.

अण्णांनी खोडलेल्या ‘बरे’ या शब्दाविषयीही माझे मत बदलले आहे. कोड्यात तो अधिक होता, यात शंका नाही. परंतु अण्णांना मी त्या दिवसांत खरोखर ‘का बरे’ असे विचारले असते, तर त्या शब्दावाचून भागले नसते.