पट्टी जुळेपर्यंत

रेडिओचं तोंड फिरवायचं नाही. महाड-पोलादपूरकडच्या आमच्या पिढीच्या घरांत मुलांना पाढ्यांच्या आधी कळलेला हा नियम. पुसायला म्हणून आईनं सेट उचलला, तरी परत ठेवताना काका मागे उभे. फळीवर खडूच्या दोन रेघा असत, एक मुंबईची, एक पुण्याची. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मीडियम वेव्हच्या लहरी ही कांडी अंगावर घेते; तिचं टोक स्टेशनकडे वळलं की आवाज बसतो. महाडहून उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर मुंबई डाव्या अंगाला आणि पुणे उजव्या अंगाला येतं, दोन्हींत जवळजवळ काटकोन. त्यामुळे मुंबईला छान लागणारा सेट पुण्याला बहिरा होई. आजीला सकाळी पुण्याची भक्तिगीतं हवीत, काकांना मुंबईच्या बातम्या. सेट दिवसातून कितीदा तरी या रेघेवरून त्या रेघेवर जाई. काकांनी हे शास्त्र कुठे वाचलं नव्हतं. सेट छातीशी धरून ते अंगणात गोल गोल फिरले होते, आणि कानाला जिथे पटलं तिथे थांबले होते.

अशा माणसाला आमच्याकडे कानसेन म्हणत. प्रत्येक आळीत, प्रत्येक वाडीत असा एखादा असायचाच. पैसा बेताचा, यंत्रं साधी, घर कौलारू आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तरी त्यांचा हट्ट मुंबईतल्या कुठल्याही श्रीमंत शौकिनापेक्षा कमी नव्हता, असं मी ठामपणे म्हणेन. हवेतली ओल आणि विजेचा लहरीपणा यांच्याशी झगडून त्यांना चांगला आवाज रोज नव्यानं मिळवावा लागे, आणि त्या झगड्यात सगळं घर ओढलं जाई. ऐकायचं कसं, हे आम्ही त्यातच शिकलो.

कान मात्र यंत्रांच्या आधीच तयार झालेले होते. शिमग्यात पालखीपुढचा खालूबाजा, देवळातलं भजन, सप्त्यातलं कीर्तन. धुमेवरची कणीक नखानं खरवडून, पुन्हा चिकटवून पखवाज पेटीशी जुळवणारी माणसं घरोघरी होती. त्यांच्या हाती फोनो आला, तेव्हा त्यांनी त्यालाही तशीच शिस्त लावली.

हे फोनो चाकरमान्यांबरोबर आले. मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत असलेला भाऊ चोरबाजारातून जुना चावीचा फोनो घेई आणि एसटीत तो मांडीवर धरून गावी आणी; टपावर टाकायचा नाही, हे ठरलेलं. सोबत अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या या तबकड्या लाखेच्या आणि दगडाच्या भुकटीच्या. ती भुकटी पोलादी सुई झिजवून खाचेच्या आकाराची करते, म्हणून दर बाजूला नवी सुई घालायची. हे न पाळणाऱ्याच्या घरी काका गाणं ऐकायला बसतच नसत. ‘तबकडी सोलून निघते तिथे,’ म्हणत. वापरलेल्या सुया वेगळ्या डबीत जात आणि ती डबी मुलांच्या हाती लागू देत नसत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. अब्दुल करीम खाँ, हिराबाई, बालगंधर्व सगळे तेवढ्यात मावलेले. फार जुन्या काही तबकड्यांच्या शेवटी गाणारी बाई स्वतःचं नाव सांगे. तबकड्या छापायला जर्मनीत जात आणि तिथल्या कारागिरांना ती कोणाची हे कळावं, म्हणून ही रीत. आम्ही पोरं अंगणात तेच म्हणत फिरायचो. चावी संपत आली की आवाज खाली घसरू लागे. तो घसरायच्या आत, गाणं चालू असतानाच, हलक्या हातानं चावी देणं हा मोठा मान होता. तो मोठ्या भावाला मिळे, आम्हाला नाही.

स्पिरिटच्या बाटलीचाही एक नियम होता. पुढे कॅसेटचे दिवस आल्यावर हेड पुसायला ती घरात आली, पण तबकड्यांच्या कपाटाजवळ तिला मज्जाव. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. दुसऱ्या घरात कुणीतरी काळजीपोटी स्पिरिटनं पुसून तबकडी कायमची घालवली, ही गोष्ट आम्हाला भुताच्या गोष्टीसारखी सांगत.

मृगापासून दसऱ्यापर्यंत खरी परीक्षा. कपड्यांना बुरशी, चपलांना बुरशी, एलपीच्या वेष्टनावर पांढरे ठिपके. तबकड्यांच्या कपाटात पंधरा वॅटचा बल्ब दिवसरात्र जळे. विजेचं बिल आलं की आजोबा त्या बल्बाकडे बघत, बोलत काही नसत. कपाटात कापूर आणि पुरचुंडीत बांधलेले तांदूळ ठेवायचे. एलपी आडव्या रचायच्या नाहीत, उभ्याच ठेवायच्या. कॅसेट महिन्यातून एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवायची, नाहीतर फीत फितीला चिकटते. श्रावणात एखाद्या रविवारी दुपारभर नुसत्या कॅसेट पुढे-मागे पळवण्याचं काम चाले, गाणं एकही नाही. पाहुणा आला तर त्याला वाटे, या घरात काहीतरी बिघडलंय.

मग माठ. नुसता स्पीकर उघडा ठेवला तर त्याच्या मागच्या अंगानं निघालेला आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, आणि खर्ज नाहीसा होतो. मागची बाजू कोंडली की खर्ज भरतो. लाकडी खोकं परवडत नसे, माठ परवडे. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवून कडेनं कणीक लिंपायची आणि माठ कोपऱ्यात ठेवायचा. कुंभाराकडे जाऊन दहा माठांवर टिचक्या मारून एक निवडायचा. पाण्याचा माठ निवडताना टणक वाजणारा बघतात. काकांना जरा दबका हवा असे. आजीचं म्हणणं, चैत्रात पाण्याला माठ नाही आणि गाण्याला आहे. तिचं बरोबर होतं. तरी तबल्याचा डग्गा त्या माठातून निघे, तेव्हा ती माजघरातून ओटीवर येऊन बसे.

कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं घर आवाजाला फार चांगलं. भिंत आवाज परत फेकत नाही, जमीन फेकत नाही, कौलांच्या फटींतून जादा आवाज निघून जातो. पुढे स्लॅबची घरं झाली, फरशी आली आणि सगळीकडे गाणं घुमू लागलं. तेव्हा आमच्यातल्या कितीतरी घरांत ओटीच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या दिसत. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींपुढे त्या काढायच्या की नाही, यावरून भांडणं झालेली मला माहीत आहेत.

पण आमच्या कानसेनांचं मोठेपण मला दिसतं ते तबकडीच्या गतीच्या प्रकरणात. विजेचा टर्नटेबल आला, तेव्हा त्याच्यासोबत कागदाची एक गोल चकती आली, तिच्यावर काळ्या रेघा. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांसाठी चकतीवर १८० रेघा असतात, अठ्ठ्याहत्तरसाठी ७७. गती बरोबर असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. आम्हाला ही जादू वाटे. काका चकतीकडे बघत, मान हलवत आणि मग पेटी ओढून घेत. पेटीवर स्वर दाबून म्हणत, ‘उतरलंय.’

रेघा तर स्थिर होत्या. तरी त्यांचंच खरं होतं. त्या काळी विजेवर ताण आला की पन्नास सायकलच्या एकोणपन्नास, कधी त्याहूनही कमी होत. मोटर त्या विजेवर चालणारी आणि दिवाही त्याच विजेवर लुकलुकणारा. दोघंही सारखेच मंदावत, आणि चकती सगळं ठीक असल्याचं सांगत राही. पेटीची पट्टी विजेवर अवलंबून नव्हती. संध्याकाळी गावात दिवे लागले की काळी दोनचं गाणं काळी दोनच्या किंचित खाली जाई, रात्री दहानंतर वर येई. म्हणून काका महत्त्वाची तबकडी निजानीज झाल्यावर लावत. शेजारपाजारचे लोक त्याला चक्रमपणा म्हणायचे. मी त्याला निष्ठा म्हणतो. गाणाऱ्यानं ज्या पट्टीत गायलं त्याच पट्टीत ते ऐकायचं, एवढाच त्यांचा आग्रह होता.

मुंबईत १९९० साली जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी तबकड्यांवरचे क्रमांक, साल, गती यांची नोंद ठेवतात आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ काढतात, हे कळलं तेव्हा काकांना आपली माणसं सापडल्याचा आनंद झाला होता.

बुधवार वेगळा. रात्री आठला रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला. १९५२पासूनची ती, आमच्या आधीच्या पोरांनीही ऐकलेली. साडेसातलाच व्हॉल्व्हचा सेट लावून तापत ठेवायचा, पंचवीस मीटरवर काटा आणायचा आणि खोलीत कडेकडेनं लावलेल्या जाळीच्या एरियलची टोकं तपासायची. अर्थिंगची तार जिथे जमिनीत पुरलेली, तिथे उन्हाळ्यात तांब्याभर पाणी ओतायचं. शॉर्टवेव्हचा आवाज येई, विरे, पुन्हा येई. विरत असताना कुणी बोललं तर सगळ्या पडवीचे डोळे त्याच्यावर. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, याच्या वह्या होत्या, गणिताच्या वह्यांपेक्षा नीट ठेवलेल्या.

कॅसेट आली आणि ऐकण्याची मक्तेदारी काकांकडून सुटून सगळ्यांच्या हाती गेली. महाडात ही यंत्रं बरीचशी आखातातून आली. मोहल्ल्यांतल्या घराघरांतली माणसं कुवेत, दुबई, मस्कतला. सुटीवर येताना टू-इन-वन आणणारच. कव्वालीच्या कॅसेट तिथून आमच्या ओटीवर आल्या, आमची नाट्यगीतं तिकडे गेली. २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी महाडात माणसांचा पूर येतो. तिथे पुस्तकांच्या शेजारी कॅसेटच्या पथाऱ्या लागत. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. घेणारा माणूस कॅसेट तिथेच वाजवून बघे, आणि बघण्याची तऱ्हा ठरलेली: सुरुवातीचं नाही, मधलं नाही, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. स्वस्त कॅसेट तिथेच मार खाते, कारण तिथे फीत आवळलेली असते. अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसंही ही परीक्षा घेत, आणि विकणाऱ्याला ती मान्य असे.

जुलै २०२१मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात घराघरांत चढलं. तळीयेत दरड कोसळून माणसं गेली. त्या दिवसांत तबकड्यांचं नाव कुणी काढलं नाही, काढायला नकोच होतं. घरातला चिखल उपसून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कपाटं उघडली. एलपीची पुठ्ठ्याची वेष्टनं लगदा झाली होती. एलपी मात्र पाणी पीत नाहीत. सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन, भांडी निथळायच्या जाळीत उभ्या लावून त्या वाळवल्या, आणि बऱ्याचशा वाजल्या. कुठली कोणाची हे मधल्या चकतीवरचा कागद राहिला तिथे कळलं, बाकीच्यांचं ऐकून ठरवलं.

कॅसेटचं काम अजून चालू आहे. विकतच्या गाण्यांचं मला फारसं दुःख नाही, ती कुठे ना कुठे सापडतात. आमच्या घरांत दुसऱ्याही कॅसेट होत्या. आखातातल्या माणसाला लिहिता-वाचता न येणाऱ्या आईनं बोलून पाठवलेल्या, आणि त्यानं तिकडून बोलून पाठवलेल्या. बारशाच्या, शिमग्याच्या. पहाटे दळताना आजीनं म्हटलेल्या ओव्या. यांची दुसरी प्रत जगात कुठे नाही. ज्या टू-इन-वनवर त्या भरल्या त्याचं हेड तिरकं असलं, तर चांगल्या डेकवर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. मग घड्याळजीच्या पेचकसानं डेकच्या हेडचा बारीक स्क्रू फिरवून तेही तितकंच तिरकं करायचं, म्हणजे आवाज मोकळा होतो. प्रत्येक कॅसेटला वेगळं.

आजीच्या कॅसेटची अडचण गतीची होती. भरताना सेल उतरलेले असणार, फीत सावकाश फिरली असणार. आता बरोबर गतीनं लावली की आजी घाईघाईनं, चढ्या आवाजात गाते. रेघांची चकती इथे काय करणार. पण जात्याच्या घरघरीमागे, ओटीवर कुणीतरी पहाटेचा रेडिओ लावलेला आहे आणि आकाशवाणीची सुरुवातीची धून ऐकू येते, वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली, १९३०च्या दशकापासून तीच. तिचा स्वर ठाऊक आहे. धाकट्या भावानं पेटी घेतली, पुतण्यानं संगणकावर गती कमी करत आणली, धून पेटीशी जुळली. आजी बरीचशी आजीसारखी झाली. आत्या ऐकत बसली होती. म्हणाली, ‘अजून जरा उतरव रे. आई दळताना अशी नव्हती गात, दम लागायचा तिला.’ पुतण्या म्हणाला, ‘आत्या, पट्टी तर जुळलीये.’ त्यावर बराच वाद झाला. शेवटी दोन्ही गतींच्या प्रती करून ठेवल्या आहेत, आणि घरात वाजते ती आत्याची.