विश्रांती नावाचं औषध

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस येतो. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, बैठ्या कामाचा. घरातल्या मोठ्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर सांभाळली की हृदयाची काळजी घेऊन झाली, असंच बहुतेक घरांतून मानलं जातं. पण हृदयाचं एक दुखणं असं आहे, की ते तरण्याताठ्या, धडधाकट माणसालाही गाठतं. त्यात रक्तवाहिनी तुंबलेली नसते. साधा ताप येऊन जातो आणि त्याच्या मागून हृदयाच्या स्नायूला सूज येते. डॉक्टर त्याला ‘मायोकार्डायटिस’ म्हणतात. आपण हृदयस्नायूंचा दाह म्हणू. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये, मिरजेला, माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात.

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. भाऊ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचा आणि पहाटे तालमीत जायचा. आमच्या भागात तालमीचं वेड नवं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. अशा मुलखात पोरगा जोर-बैठका काढतो म्हटलं की घराची मान ताठ होते, आणि नुसता बसून राहिला की चारचौघांत बोलणं होतं. पुढे जे झालं ते कळायला हे सांगणं जरूर आहे.

त्याला चार दिवस ताप आला. अंगदुखी, थोडे जुलाब. पावसाळ्यात घरोघरी असतं तेच. पाचव्या दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी तो दुकानात गेला, आठव्या दिवशी तालमीत. अकराव्या दिवशी घरचा जिना चढून आला तो धापा टाकत. आईला वाटलं, अशक्तपणा आहे. तिनं तूपभात, खीर सुरू केली. रात्री त्याला आडवं पडवेना. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, शेवटी भिंतीला टेकून बसूनच राहिला. पित्त असेल म्हणून ओव्याचं पाणी झालं. पहाटे त्याचे हातपाय गार लागायला लागले तेव्हा आबांनी रिक्षा आणली आणि त्याला मिरजेला नेलं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथे इस्पितळ उभं केल्यापासून आसपासच्या तीन-चार जिल्ह्यांतली माणसं दुखणं घेऊन मिरजेलाच धावतात. मी साताऱ्याहून मिळाली ती एस. टी. पकडली.

मी पोचले तेव्हा ई. सी. जी. झाला होता आणि त्यात दोष दिसत होता. रक्तात ‘ट्रोपोनिन’ नावाचा पदार्थ वाढलेला होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तो रक्तात उतरतो. एवढ्यावरून हार्ट अटॅक वाटावा, म्हणून अँजिओग्राफी केली. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मग इको. आपलं हृदय दर ठोक्याला आपल्या मोठ्या कप्प्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं, साधारण शंभरातले पंचावन्न ते सत्तर भाग. भावाचं हृदय पस्तीसच ढकलत होतं. उरलेल्या रक्ताची तुंब मागे फुप्फुसात चढत होती, म्हणून त्याला आडवं पडवत नव्हतं. प्रकृती जरा सावरल्यावर हृदयाचा एम. आर. आय. काढला, त्यात स्नायूची सूज स्पष्ट दिसली. कधी कधी निदान अडतं किंवा दुखणं फारच झपाट्यानं वाढतं, तेव्हा हृदयाच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासावा लागतो. आमच्यावर ती वेळ आली नाही.

“पण झालं कशानं?” आईनं विचारलं. डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. बहुतेक वेळा कारण विषाणूचं असतं. सर्दी-फ्ल्यूचे, जुलाबाचे, कोविडचे, डेंग्यूचे, असे कितीतरी विषाणू हे करू शकतात. शरीर त्यांच्याशी लढायला आपल्या पेशी पाठवतं आणि त्या लढाईत हृदयाचाही स्नायू सुजतो. चोर धरायला आलेल्या माणसांनी घरातल्याच भांड्यांची मोडतोड करावी, तसं. ताप आलेल्या हजारो माणसांना काहीच होत नाही, एखाद्यालाच हे होतं. ते कुणाला होणार, हे आधी सांगता येत नाही.

भावाला भेटायला तालमीतले वस्ताद आले होते. त्यांनी दाराशीच विचारलं, “डॉक्टर, विंचू चावल्यावर माणसाची छाती भरते, त्यातलंच का हे?” आम्हाला तो प्रश्न अस्थानी वाटला, पण डॉक्टर म्हणाले, “भाऊबंदच म्हणा. लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की शरीर स्वतःच एवढी उत्तेजक द्रव्यं रक्तात सोडतं, की हृदयाचा स्नायू त्या माऱ्यानं जखमी होतो. जुने डॉक्टर त्यालाही मायोकार्डायटिसच म्हणायचे.”

आमच्या साताऱ्याहून महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरलं की पोलादपूर आणि पुढे महाड लागतं. या विंचवाच्या दंशावरचं मोठं काम तिथे झालेलं आहे, हे मी नंतर वाचलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी विंचवाचं विष भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावायचे. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून काय काय होतं ते टिपत राहिले. ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ खबर असते, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मग ‘प्राझोसिन’ नावाची, ब्लडप्रेशरसाठी दिली जाणारी साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. त्याबद्दलचा लेख १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मिळून ‘लॅन्सेट’मध्येच लिहिला. वेळेवर गोळी मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. आता विंचवाच्या विषावरची लसही आहे. ती आणि गोळी दोन्ही दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असं त्यांच्याच २०११ सालच्या अभ्यासात दिसलं. डॉ. हिंमतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला तर मंत्र-उतारे करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. हातपाय गार पडून घाम सुटला असेल तर एक मिनिटही दवडू नये.

मला त्या कामात सगळ्यांत पटलं ते रुग्णाजवळ बसून नीट पाहणं. यंत्रं दवाखान्यात असतात, पण ताप उतरल्यानंतरचे पंधरा दिवस माणूस आपल्या घरात, आपल्या नजरेसमोर असतो. नेहमीच्या जिन्यावर धाप लागते का, आडवं पडल्यावर खोकला किंवा गुदमर होते का, छातीत दुखतं किंवा धडधडतं का, पावलं सुजतात का, चक्कर येऊन पडायला होतं का, हे घरातल्या बाईला डॉक्टरच्या आधी दिसतं. लहान मुलं तर बोलून दाखवत नाहीत. बाळ दूध ओढताना थकतं, श्वास भराभर घेतं, पोरगं मलूल पडतं, ओकतं, पोट दुखतं म्हणतं. असं काही दिसलं तर “ताप होता ना, अशक्तपणा असेल” असं म्हणून न थांबता डॉक्टरांना तापाची हकिगत सांगून ई. सी. जी. काढून घ्यावा.

भाऊ अकरा दिवसांनी घरी आला. अंगातलं पाणी उतरवणारी गोळी आणि हृदयावरचा भार हलका करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. सगळ्यांत अवघड औषध मात्र कागदाच्या तळाशी लिहिलेलं होतं : सहा महिने व्यायाम बंद. जोर-बैठका नाहीत, वजन उचलणं नाही, धावणं नाही. सुजलेल्या स्नायूला राबवलं तर दाह वाढतो. १९७० साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात, असाच विषाणू टोचलेल्या उंदरांना रोज पोहायला लावल्यावर त्यांच्या हृदयाची हानी कितीतरी पटींनी वाढलेली आढळली. शिवाय सूज असताना जोर केला तर ठोक्यांची लय एकदम बिघडून माणूस जागच्या जागी कोसळू शकतो.

हे सगळं आम्हाला पटलं होतं, पण गल्लीला पटवणं कठीण. दिसायला तो बरा दिसत होता. “तरणाताठा गडी, किती दिवस पडून राहणार?” “सकाळी चार जोर काढ, रक्त फिरेल.” एका आत्यांनी तर आईला कानात सांगितलं, की हृदयाचं नाव काढू नका, मुलाचं लग्न जमायचं नाही. आणि खरंच, बोलणी चालू असलेलं एक स्थळ तेवढ्यावरून माघारी गेलं. भाऊ चिडायचा, रडायचाही. एकदा पहाटे तो चपला घालून तालमीकडे निघाला, तर आबा दारात खुर्ची टाकून बसलेले. एक शब्द बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. तो परत फिरला.

आईनं आपल्या परीनं घर बदललं. लोणचं, पापड, फरसाण भावाच्या ताटातून गेलं, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करून ती कॅलेंडरवर लिहायची. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बाळसं नव्हे, पाणी साचतंय, डॉक्टरांना कळवा, असं तिला सांगितलं होतं. अंग दुखलं म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून चालू गोळी बंद करायची नाही, हे दोन नियम तिनं फ्रीजवर चिकटवले. सहा महिन्यांनी इको पुन्हा झाला, आकडा पंचावन्न आला. सगळ्यांचंच इतकं चांगलं होत नाही. बहुतेक जण बरे होतात, पण काहींचं हृदय मोठं आणि थकलेलंच राहतं, त्यांना कायम औषधं घ्यावी लागतात. म्हणून बरं झाल्यावरही तपासण्या चुकवायच्या नाहीत. भाऊ आता दुकानात जातो, फिरायला जातो. कुस्तीबद्दल डॉक्टरांनी अजून ‘पाहू’ म्हटलंय.

मी साताऱ्यात एका शाळेत अर्धवेळ शिकवते. भावाची हकिगत शिक्षकखोलीत सांगितली तेव्हा आमच्यातल्या एका बाई म्हणाल्या, “मुलगा होता म्हणून सहा महिने मिळाले. सुनेला कोण देणार? ताप उतरला की दुसऱ्या दिवशी बादली तिच्याच हातात.” सगळ्या हसल्या आणि मग कुणीच काही बोललं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. बाईचा दम लागणं आपल्याकडे ‘रक्त कमी असेल’, ‘वजन वाढलंय’, ‘मनाला लावून घेते’ यांत जिरून जातं. ती स्वतःही तेच म्हणते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जाऊबाईंना डेंग्यू झाला. ताप गेल्यावर दोन दिवसांनी त्यांना धडधडायला लागलं. त्या म्हणाल्या, काही नाही, होईल कमी. सासूबाईंनी ऐकलं नाही. त्यांना भावाचं सगळं ठाऊक होतं. रिक्षा मागवून स्वतः बरोबर गेल्या, ई. सी. जी. काढला. सगळं ठीक निघालं. घरी आल्यावर पैसे फुकट गेले असं कुणी म्हटलं नाही. सासूबाईंनी वर आठ दिवस जाऊबाईंना ओट्यापाशी उभं राहू दिलं नाही. पोळ्या मी लाटल्या, भांडी दिरांनी घासली. घर चाललं.

आणखी एक शाळेतली गोष्ट. घटसर्पाचं विष दुसऱ्या आठवड्यात हृदयाच्या स्नायूवर उतरतं आणि मूल हातचं जाऊ शकतं. पूर्वी कित्येक घरांनी हे पाहिलंय. लहानपणीच्या लसी आपण देतो, पण पाचव्या-सहाव्या वर्षीचा डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस हमखास राहते. शाळेतून संमतीची चिठ्ठी घरी येते, ती दप्तरातच चुरगळते. मुलांची दप्तरं आज एकदा झाडून पाहा. आणि घरात नुकतंच कुणी तापातून उठलं असेल, मग ती तुम्ही स्वतः का असेना, तर जिना चढून आल्यावर दोन मिनिटं बसवा आणि श्वास कसा चाललाय ते पाहा.